जनरेटरचा आवाज कमी कसा करायचा?

लाईट गेली की छोटा पेट्रोल जनरेटर लावतो, पण आवाज इतका की बाळ दचकून उठतं. प्लायवूडची पेटी करून झाकला तर चालेल का?

— पूर्ण बंद पेटी अजिबात नको हो! इंजिन तापून बंद पडेल. हवा आत-बाहेर जायला वाट ठेवा, आतून रॉकवूल (आवाज शोषणारी, न जळणारी दगडी लोकर) लावा, आणि सायलेन्सरचा धूर पेटीबाहेर काढा.

— आधी खाली जाड रबर मॅट टाका, माझ्याकडे फरशीवर ठेवला की खिडकीची काच थरथरायची ती मॅटनंतर थांबली. मग लांब ठेवा, मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. पण घरात किंवा खिडकीजवळ कधीच नको, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नसतो, बाळ आहे घरात.

— नवीन घ्यायचा झाला तर इन्व्हर्टरवाला जनरेटर बघा, लोड कमी असला की इंजिनचा वेगही उतरतो, म्हणजे आवाजही.