मदत हवी आहे : वारुळातली सातेरी मुलांच्या चित्रात कशी आणावी?

मंडळी नमस्कार. बेळगावच्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर चित्रकला शिकवतो. सातवी-आठवीच्या मुलांकडून भूदेवीवर चित्रं करून घ्यायची आहेत. पण देवी म्हटलं की सगळ्यांची एकच : चार हात, मागे वाघ, कॅलेंडरातली. गोवा-तळकोकणात सातेरी म्हणजे भूदेवीच, ती वारुळाच्या रूपात पुजतात, काही देवळांत वारुळावरच मुखवटा चढवतात. चेहरा नसलेली देवी काढा म्हटलं तर पोरं माझ्याकडेच बघत बसतात!

शिवाय शीगी हुणवीचा सण आहेच. आश्विन पौर्णिमेला भूमी गरोदर मानून तिची ओटी भरायची, शिवारात चरगा, म्हणजे नैवेद्याचं अन्न, टाकायचा. हे मुलांनी घरी पाहिलेलं, त्यामुळे चित्र इथूनच सुरू करावं असं वाटतं.

रंग मातीचेच हवेत. गेरू, चुना, कोळसा आहे. तांबडी माती कागदावर धरायला बाभळीचा डिंक किती घालावा? माझा लेप वाळला की पोपडे धरतो. वारुळाची माती मात्र घेणार नाही, गावात ते चालायचं नाही.

कणकुंबी, जांबोटीकडचं कुणी आहे का? मुलांना घेऊन आलो तर देवळात बसून रेखाटन करू देतील का, आणि आधी कुणाला विचारायचं, गुरवांना की पंचांना?