कोगनोळी नाक्याच्या अलीकडे एक दंड, पलीकडे दुसरा: वेगाचा नियम नक्की कुठला लागतो?

निपाणी_हायवे विचारतात:

निपाणी, संकेश्वर भागातून रोज कागल-कोल्हापूरला जाणाऱ्या गाड्या पुष्कळ. केए 23 पासिंगची एकच कार, एकच हायवे, पण जास्त वेगाचं चलन कर्नाटकात झालं तर 1000 रुपये आणि कागलच्या पुढं झालं तर 2000. कायदा केंद्राचा असताना रक्कम वेगळी कशी? चारपदरीवर कारला 100 चालतात की 80? आणि ‘दुसऱ्या राज्याचं चलन भरलं नाही तरी काही होत नाही’ असं सर्रास बोललं जातं, त्यात तथ्य किती? लायसन्स कधी जातं तेही कळायला हवं. ऐकीव नको, कलमासकट सांगा.

कोर्टरोड_बेळगाव:

नियम रस्त्याचा लागतो, नंबरप्लेटचा नाही. कोगनोळीची राज्यसीमा ओलांडली की महाराष्ट्राचा दर, परत आलात की कर्नाटकाचा. पासिंग केए असो की एमएच 09, फरक पडत नाही.

रक्कम वेगळी का, ते असं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 183. 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर हलक्या गाडीला 1000 ते 2000 आणि मध्यम किंवा अवजड माल-प्रवासी गाडीला 2000 ते 4000 असा पट्टा ठरला. त्या पट्ट्यात जागेवर तडजोड करून (म्हणजे कोर्टात न जाता दंड भरून) किती घ्यायचे, हे कलम 200 खाली प्रत्येक राज्य स्वतःच्या अधिसूचनेनं ठरवतं. कर्नाटकानं कारला खालचं टोक धरलं. महाराष्ट्रानं डिसेंबर 2021 मध्ये दर वाढवले, तेव्हा कारला 2000 आणि अवजड गाडीला 4000 झाले. म्हणजे दोन्ही चलनं कायद्यात बसतात, कुणी जादा घेतलेलं नाही.

दुसऱ्या राज्याच्या चलनाचं म्हणाल तर ते गाडीच्या नंबरावर चढतं आणि तिथंच राहतं. थकलं की कोर्टाकडं जातं. गाडी विकताना, नाव बदलताना, दुसऱ्या जिल्ह्याची एनओसी काढताना ते समोर येतं आणि काम तिथंच अडतं.

मैलाचा_दगड:

100 की 80, याचं उत्तर गाडी कुठली आणि रस्ता कसला यावर आहे. एप्रिल 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेतल्या कमाल मर्यादा बघा. चालक सोडून आठपर्यंत माणसं बसतील अशी कार किंवा जीप: दुभाजक असलेल्या चारपदरी किंवा मोठ्या रस्त्यावर 100, नगरपालिका-महानगरपालिकेच्या हद्दीत 70, बाकी सगळ्या रस्त्यांवर 70. नऊ किंवा जास्त प्रवाशांची गाडी, म्हणजे मिनीबस, बस: 90, 60, 60. मालगाडी: 80, 60, 60. मोटारसायकल: 80, 60, 60. रिक्षा सगळीकडं 50.

हे आकडे वरची हद्द आहेत, हक्क नव्हे. कलम 112 खाली राज्य सरकार किंवा त्यानं नेमलेला अधिकारी एखाद्या पट्ट्यावर त्याहून कमी मर्यादा लावू शकतो, आणि मग लाल गोलातला आकडा हाच कायदा. तवंदी घाटात किंवा वंटमुरी घाटात ‘कारला 100 आहेत’ म्हणून वाद घालून काही होत नाही. तिथं फलक काय सांगतो ते बघायचं. लाल गोल म्हणजे बंधनकारक, त्रिकोण म्हणजे सावधगिरीची सूचना. कन्नड वाचता येत नसलं तरी आकडा आणि आकार कळतो. ‘निधानवागी चलिसी’ म्हणजे सावकाश चालवा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

माणसं बहुतेक एकाच ठिकाणी चुकतात. दुभाजक संपतो तिथं. हायवेवर 95 नं आलेली गाडी एनएच 48 सोडून शिनोळी-चंदगडच्या दुपदरी रस्त्याला लागते आणि चालकाचा पाय तसाच राहतो. दुभाजक संपला त्या मीटरपासून कारची मर्यादा 70 झालेली असते, मोटारसायकलची 60. जांबोटी-चोर्ल्याकडं तर 70 सुद्धा वळणांना झेपत नाही.

कागलच्या पुढं सहापदरीच्या कामाचे फलक दिसतात, त्यांच्याबद्दल एक. महिन्याभराच्या आतलं तात्पुरतं बंधन असेल तर त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागत नाही. ‘हा बोर्ड कालपर्यंत नव्हता’ हा बचाव उभा राहत नाही.

टेम्पोलाईन_संकेश्वर:

मालवाल्यांचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. पिकअप किंवा छोटा हत्ती आकारानं कारएवढा असला तरी कागदावर मालगाडी आहे. त्याला चारपदरीवर 80, 100 नाही. पांढऱ्या पाटीच्या कारमागं पिवळी पाटी त्याच वेगानं गेली तर कॅमेरा दुसरीलाच पकडतो, आणि ते बरोबरच आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 118 प्रमाणं वाहतुकीच्या गाड्यांना स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग रोखणारं यंत्र, लागतो, 80 वर बांधलेला. डंपर, टँकर, स्कूलबस आणि धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांना 60. दुचाकी, तीनचाकी आणि साडेतीन टनांच्या आतल्या आठ प्रवाशांच्या टॅक्सीकारला त्यातून सूट आहे. गव्हर्नरची वायर काढून ठेवायची आणि फिटनेसच्या दिवशी जोडायची, असा प्रकार कुणी करत असेल तर आजच थांबवा. अपघात झाला तर तुटकं सील हीच पहिली गोष्ट मोटार निरीक्षक लिहून घेतो.

मालकांनी 183 चं पोटकलम 1 आणि 4 नीट वाचावं. हाताखालच्या माणसाला जास्त वेगानं चालवायला लावणारा मालकही दंडाला पात्र आहे. आणि ठरल्या वेळेत पोहोचण्याचा जो हुकूम वेगमर्यादा न मोडता पाळणं शक्यच नाही, तो हुकूमच कोर्टात मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. बेळगावातून गोव्याला रोज भाजी जाते. लोडिंग दोन तास उशिरा आणि पोहोचायची वेळ मात्र तीच, असा मेसेज ड्रायव्हरला गेला तर तो मेसेज मालकाच्या अंगावर येऊ शकतो. बिचाऱ्या ड्रायव्हरनं एकट्यानं भोगायचं असा कायदा नाही.

निपाणी_हायवे:

फार नेमकं सांगितलंत, अण्णा. पुढचं: चलनातला वेग किंवा गाडीच चुकीची असेल तर काय करायचं? आणि गाडी दुसरा कुणी चालवत असेल तर?

लेन्स_आणि_रडार:

आधी चलन उघडून फोटो बघा. नुसता एसएमएस बघून पैसे भरू नका आणि नुसता एसएमएस बघून भांडूही नका.

ऑगस्ट 2021 मध्ये आलेला नियम 167 ए काय मागतो ते जुळवा. गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारा फोटो, यंत्रानं मोजलेला वेग, तारीख-वेळ-जागा, मोडलेलं कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. यंत्राला राज्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्याचा मंजुरीचा दाखला हवा आणि तो दर वर्षी नवा करायला हवा. कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी सूचनाफलक हवा. घटनेपासून 15 दिवसांत नोटीस पाठवायला हवी. यातलं जे चुकलं असेल ते एकच, मुद्द्याला धरून, ऑनलाइन तक्रारीत लिहा. सोबत आरसी आणि गाडीचा सध्याचा फोटो जोडा.

नुसता पोलिसाच्या नजरेचा अंदाज पुरत नाही. 183(3) स्पष्ट सांगतं की एकट्या साक्षीदाराच्या मतावर दोषी धरता येत नाही, त्या मतामागं यंत्राचं मोजमाप हवं.

चुका कुठं होतात? नंबर वाचण्यात सगळ्यांत जास्त: 8 आणि बी, शून्य आणि ओ, 1 आणि आय. पाटीवर फॅन्सी अक्षरं असतील किंवा चिखल असेल तर तुमचं चलन दुसऱ्याला आणि दुसऱ्याचं तुम्हाला येतं. मग गाडीचा रंग आणि मॉडेल फोटोशी ताडलं की विषय संपतो. दुसरी चूक, एका फ्रेममध्ये दोन गाड्या. ओव्हरटेक चालू असताना वेग कुणाचा हे फोटोवरून ठरत नसेल तर तो मुद्दा मांडण्यासारखा आहे. ‘वेग मोजायची बंदूक तिरकी धरली म्हणून वेग जास्त आला’ हे मात्र म्हणू नका. एका जागी उभ्या रडारनं रस्त्याला कोन करून मोजलं तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, जास्त नाही.

‘माझ्या काट्यावर 80 च होते’ यातही एक मेख आहे. कंपनीचा काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. पण टायर बदलून व्यास 5 टक्के वाढवला असेल, तर काटा वाढलेला वेग धरत नाही: काटा 80 म्हणेल तेव्हाचा 80, तो आता खरा 84 झालेला असतो. अलॉय व्हील आणि मोठे टायर घालणाऱ्यांनी जीपीएसवर एकदा तपासून घ्यावं.

गाडी दुसरा चालवत असेल तर: कलम 133 खाली मालकाला चालकाचं नाव, पत्ता, लायसन्स सांगावं लागतं. माहिती दडवली तर 179 खाली 2000 रुपयांपर्यंत दंड. भाऊबंदकीत लपवालपवी करू नका, कारण लायसन्सचा परिणाम ज्यानं चालवली त्याच्यावरच व्हायला हवा.

कोर्टरोड_बेळगाव:

लायसन्सचं राहिलं होतं. दंड भरला की सगळं मिटलं असं लोकांना वाटतं आणि घोटाळा तिथंच होतो. 183 मध्येच लिहिलंय की दुसऱ्या किंवा पुढच्या गुन्ह्याला लायसन्स जप्त होतं, 206(4) प्रमाणं. जप्त केलेलं लायसन्स आरटीओकडं जातं, तिथं तुमचं म्हणणं ऐकून घेतात आणि मग कलम 19(1 ए) खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता किंवा त्यानंतरच्या वेळी लायसन्स रद्द, असा आदेश होऊ शकतो.

आता कलम 200 चं परंतुक बघा. तडजोडीनं पैसे भरले तरी तो आधीचा गुन्हा म्हणून मोजला जातो, आणि 206(4) ची कारवाई त्यामुळं टळत नाही. म्हणजे 1000 रुपये भरून पावती घेतली, तरी पुढच्या वेळी तुम्ही ‘दुसरा गुन्हा’ वाले. कर्नाटकात 2023 आणि 2025 मध्ये थकलेल्या चलनांवर 50 टक्के सवलत निघाली होती. तिचा फायदा खिशाला झाला, पण झालेला गुन्हा त्यानं पुसला जात नाही.

130 च्या वर गेलात तर विषय चलनाचा राहत नाही. 1 ऑगस्ट 2024 पासून कर्नाटकात 130 ओलांडणाऱ्यांवर एफआयआरचं धोरण आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 खाली: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या वेगात कुणाचा जीव गेला तर कलम 106(1), पाच वर्षांपर्यंत कैद. आणि घरातल्या 16-17 वर्षांच्या पोरानं गाडी काढली तर मोटार वाहन कायद्याच्या 199 ए खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द, त्या मुलाला 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही.

मैलाचा_दगड:

निपाणी ते बेळगाव साधारण 75 किलोमीटर. 100 नं 45 मिनिटं, 120 नं साडेसदतीस. साडेसात मिनिटांसाठी एफआयआरच्या उंबरठ्यावर जाण्यात अर्थ नाही. कोरड्या रस्त्यावर, एका सेकंदात पाय ब्रेकवर गेला असं धरलं तरी 80 ला गाडी थांबायला साधारण 57 मीटर लागतात आणि 100 ला 83. ऊसाच्या हंगामात रात्री मागं दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली दोन ट्रॉल्यांची जोडी हेडलाईटमध्ये शेवटच्या क्षणी दिसते. मधले 26 मीटर तिथं कामाला येतात.

निपाणी_हायवे:

पैसे भरायचे तर कुठं?

लेन्स_आणि_रडार:

कर्नाटकाचं चलन कर्नाटक वन किंवा परिवहनच्या ई-चलन साईटवर, महाराष्ट्राचं महाट्रॅफिक ई-चलन साईटवर. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे जवळ ठेवा. पत्ता गव्ह डॉट इन नं संपत नसेल तर भरू नका. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाईल आली तर ती उघडूच नका. खरं चलन कधी ॲप बनून येत नाही, आणि ती फाईल बँकेचे ओटीपी वाचते. भरल्यावर पावती पीडीएफमध्ये उतरवून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी साईटवर पुन्हा बघून घ्या.