मराठी प्रबंधाचा साम्य अहवाल शून्य टक्के कसा?

प्राध्यापक : माझ्या विद्यार्थिनीचा मराठीतला पीएचडी प्रबंध वाङ्मयचौर्य तपासणीसाठी ग्रंथालयात दिला. साम्य, म्हणजे इतर लेखनाशी जुळणारा मजकूर, ० टक्के आलं. अवतरणं भरपूर असताना हे कसं? असाच जमा करावा का?

ग्रंथपाल : नको, सर. हा बहुधा फॉन्टचा घोटाळा आहे. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. ‘मराठी’च्या जागी ‘ejkBh’सारखी निरर्थक अक्षरं दिसली, तर मजकूर युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकाला ओळखता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांत) नाही आणि सॉफ्टवेअरने काहीच वाचलेलं नाही. स्कॅन केलेल्या पानांचंही तेच. मूळ वर्ड फाइल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, मग रफार, ‘ऱ्या’ आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. रूपांतरात हीच हमखास तुटतात. प्रिंट काढून स्कॅन करू नका, वर्डमधूनच पीडीएफ करा. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातही युनिकोडमधलाच प्रबंध शोधता येतो, त्यामुळे ही मेहनत वाया जात नाही.

प्राध्यापक : आणि खरा आकडा १८ टक्के आला तर?

ग्रंथपाल : यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत जास्तीत जास्त ६ महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. पण आधी सॉफ्टवेअरमध्ये वगळणी लावा, म्हणजे हे भाग मोजले जाणार नाहीत : संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, श्रेय दिलेली अवतरणं. अवतरणचिन्हं नसतील तर सॉफ्टवेअर ती वगळत नाही. नुसता आकडा पाहू नका, सर, रंगवलेला प्रत्येक उतारा विद्यार्थिनीसोबत बसून वाचा.