तंबोऱ्याला खोकं कसलं घ्यायचं? पाच प्लाय वापरूनही गळ्याला चीर गेली

तंबोरा_मिरज
मिरजेत सतारमेकर गल्लीच्या जवळच आमचं छोटं दुकान आहे. वडिलांच्या वेळी गिऱ्हाईक स्वतः यायचं, वाजवून बघायचं आणि बाळ घेतल्यासारखा मांडीवर घेऊन रेल्वेनं न्यायचं. 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तेव्हापासून फोनवर विचारणा जास्त. म्हणजे पाठवणं आलंच.

मागच्या महिन्यात एक बायकी तंबोरा बंगळुरूला पाठवला. लांबी 52 इंच, भोपळा आडवा 16, खोली 13, आणि दांडी जेमतेम साडेतीन. पाच प्लायचं, म्हणजे कागदाच्या पाच थरांच्या पुठ्ठ्याचं नवंकोरं खोकं घेतलं, तारा उतरवल्या, आत थर्माकोलचे दाणे ठासून भरले. पोचलं तेव्हा खोक्याचा कोपरासुद्धा दबलेला नव्हता. उघडलं तर गळ्याशी, दांडी भोपळ्याला मिळते तिथं, केसाएवढी चीर. कुरिअरवाला म्हणतो, खोकं धड आहे, भरपाई कसली?

आता सात प्लाय घेऊ का? की तंबोऱ्यासारखं एका बाजूला निमुळतं खोकं कोण करून देतं?

वाळव्याचा_गडी
सरळ लाकडी पेटी ठोका की. पुठ्ठ्याच्या नादाला कशाला लागताय?

पुठ्ठा_कुपवाड
लाकडी पेटीनं वजन वाढतं, आणि आत वाद्य मोकळंच असलं तर पेटीतही तेच होणार.

दादा, मी कुपवाड एमआयडीसीत 18 वर्षं खोकी करतोय. बेदाणा, हळद, फौंड्रीचे पार्ट, सगळं बघितलंय. तुमचं दुखणं प्लायचं नाही. प्लाय वाढवायचे ते वरून थप्पी पडते म्हणून. खोकं दबलंच नाही, म्हणजे पुठ्ठ्यानं त्याचं काम केलं. तंबोरा खोक्याच्या आत पडला.

पायली ज्वारीनं भरून दोनदा आपटा, वर बोटभर जागा होते. थर्माकोलचे दाणे गाडीत तसेच खाली बसतात. मग भोपळा एकीकडं हलतो, दांडी दुसरीकडं, आणि दोघांचा हिशेब गळ्यावर चुकता होतो.

घागरीखाली चुंबळ असते ना, तेच करा. पाच प्लायचे चौकोनी तुकडे एकावर एक चिकटवून जाड गादी करायची, मधे गोल कापायचं, काठाला फोम लावायचा. भोपळा त्या भोकात कमरेपर्यंत बसला पाहिजे, त्याचं बूड तळाला टेकता कामा नये. दांडीला तसेच दोन खाचांचे आधार, एक गळ्याच्या जरा वर, एक खुंट्यांच्या अलीकडं. या तिन्ही आधारांची उंची अशी जमवा की दांडी ताणली जाणार नाही. खरं काम इथंच आहे, घाई करू नका. वरूनही तशाच खाचा दाबून बसवा, नाहीतर खोकं उलटं झालं की परत पहिले पाढे पंचावन्न.

भोवती दोन-दोन इंच आणि दोन्ही टोकांना तीन-तीन सोडलं तर आतलं माप 58 बाय 20 बाय 17 इंच येतं. खोकंवाल्याला नेहमी आतलं माप सांगा. आमच्याकडं निम्मी भांडणं आतलं की बाहेरचं यावरच होतात.

निमुळत्या खोक्याचा नाद सोडा. डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचा साचा, वेगळा करावा लागतो, थप्पीत नीट बसत नाही, आणि कुरिअरवाला सगळ्यात रुंद जागीच पट्टी लावतो, त्यामुळं एक रुपयाही वाचत नाही. हलक्या पण मोठ्या खोक्याचं वजन ते काट्यावरून नाही, मापावरून धरतात. बाहेरून 150 गुणिले 53 गुणिले 46 सेंटिमीटर धरा, 5000 नं भागा. 73 किलो! काट्यावर 11 भरलं तरी बिल 73 चंच. म्हणून आधी भागाकार विचारा. कुणी 5000 धरतं, कुणी दुसरं काही, आणि हवाई-रस्त्याचा दरही वेगळा असतो.

अजून दोन गोष्टी. खोकं लांब बाजूनं उघडणारं घ्या, टोपणाचं. टोकातून सरकवायला गेलात की पहिली ठेच खुंट्यांनाच लागते. आणि जोड पिनांचा नको, चिकटवलेला मागा. आत आलेलं पिनेचं टोक पॉलिशवर कसं रेघ ओढतं ते मला विचारू नका, एका गिऱ्हाइकाला कपाटाची भरपाई दिलीय.

भिंतींत फ्लूट, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी नळ्या, उभे हवेत, थप्पीचं वजन तेच पेलतात. पण पाच फुटी खोकं मधे वाकतं, म्हणून तळाला एक जादा शीट घाला, तिचे फ्लूट लांबीच्या दिशेनं.

बेदाणा_तासगाव
पावसाळ्याचं मी सांगतो. ओल धरलेला पुठ्ठा दिसायला तसाच असतो, पण थप्पीत खालचं खोकं बसतं. रिकामी खोकी फरशीवर ठेवू नका, फळीवर ठेवा, आणि वाद्य आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा.

तंबोरा_मिरज
पुठ्ठेवाले भाऊ, तुमच्याप्रमाणं केलं. फुटका भोपळा होता, त्याला जुनी दांडी चिकटवून ढकलगाडीच्या उंचीवरून तीनदा टाकला, एकदा कोपऱ्यावर. गळा शाबूत. पण खुंट्यांकडचा आधार मी सैल ठेवला होता, तिथली एक खुंटी निसटली. आता तिथं चिंध्या भरल्यात.

बाहेर "नाजूक" लिहिलं होतंच, शिवाय पोरीनं स्केचपेननं दोन्ही बाजूंना तंबोरा काढलाय. भोपळा जरा कलिंगडासारखा झालाय. दुसरा बंगळुरूचा तंबोरा सोमवारी निघतोय.

पुठ्ठा_कुपवाड
कलिंगड असू द्या. पोचला की सांगा.