साडेसातशेचा पास काढला नाही म्हणून आम्ही फुकटे?

फक्कीवाला
परवा आपल्यातल्याच एकानं लिहिलं की आपल्या फुटबॉल क्लबचा सीझन पास तीनशेचा साडेसातशे झाला तर एवढा गळा काढायचं कारण नाही. ज्याला जड होतो त्यानं खुशाल भिंतीवर बसावं, पण स्वतःला क्लबचा माणूस म्हणवून घेऊ नये, आणि फुकट्यांमुळंच क्लब आहे तिथंच राहिला. दोन दिवस गप्प बसलो. आता लिहितो, लांबेल.

मी भिंतीवर बसणारा. सतरा वर्षं झाली. त्यात पास तीनदा काढला. पण दिवाळी झाली की मैदानावरचे सराटे उपटायला कोण येतं ते सांगा. पावसाळ्यानंतर तिथं चप्पल काढून उभं राहून दाखवावं कुणी. आम्ही सहा-सात जण खुरपं आणि पोतं घेऊन तीन रविवार वाकलेले असतो. मागच्या वर्षी कॉर्नरजवळ एक वेल राहून गेली आणि पहिल्याच मॅचला नवा कोरा बॉल बसला. त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही.

मॅचच्या दिवशी सकाळी सहाला फक्की मारतो तो मीच. दोन खुंट्या, सुतळी आणि बुडाला भोकं पाडलेला डालड्याचा जुना डबा. पेनल्टी बॉक्सची रेघ वाकडी आली तर पायानं पुसून परत मारतो. फक्की पण घरचीच. याची पावती कुणी फाडत नाही, म्हणून मी फुकट्या?

आणि वर्ष कोणतं निवडलं बघा. सप्टेंबर २०२५ च्या पावसानं सोयाबीन उभ्या उभ्या पाण्यात गेलं. ज्याच्या हाताला लागलं त्याचं काळं पडलेलं. त्या हंगामाचा हमीभाव कागदावर क्विंटलला ५,३२८, मोंढ्यात डाग आणि ओल दाखवून काय हातात पडतं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. अशा वर्षी एकदम अडीचपट?

पावती पुस्तक
मी कमिटीत आहे, लपवत नाही. तुमच्या फक्कीबद्दल कुणी कधी वाकडं बोललं नाही, पण फक्कीनं रेफ्रीचं मानधन भागत नाही. मैदान संस्थेचं, भाडं दरवर्षी वाढवून मागतात. लाइटला जनरेटर, त्याचं डिझेल. मागच्या सीझनला एका पोराचं मनगट मोडलं तेव्हा त्याला रिक्षात घालून नेलं, म्हणून यंदा अँब्युलन्स उभी ठेवायची ठरली. तीही फुकट येत नाही. चौदा मॅचेस आहेत. साडेसातशेला भागा, चोपन्न रुपयेसुद्धा पडत नाहीत. चोपन्न रुपयांत गावात काय येतं?

फक्कीवाला
एका माणसाचे चोपन्न. माझ्या घरून आम्ही चौघं येतो. तो भागाकार पण करा.

रात्रीचा प्रेक्षक
मोठ्या लोकांचं उदाहरण देतो, कारण तिथंही हेच भांडण झालेलं आहे. फेब्रुवारी २०१६, लिव्हरपूल विरुद्ध संडरलंड. नव्या स्टँडचं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंड करणार असं जाहीर झालं, तर ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर गेले. तेव्हा लिव्हरपूल २-० नं पुढं होतं, मॅच २-२ सुटली. मालकांनी चार दिवसांत दरवाढ मागं घेतली. उठून गेलेल्यांना कुणी फुकटे म्हटलं नाही.

आणि छोट्या क्लबचं म्हणाल तर हडर्सफील्ड बघा. २०१७ ला प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये चढले. जे २००८-०९ पासून दरवर्षी पास काढत होते त्यांना मालकानं शब्द दिला होता, तो पाळला, पहिल्या वर्षी १०० पौंडांतच पास. याला निष्ठेची किंमत करणं म्हणतात. आपल्याकडं जुन्याला आणि काल आलेल्याला एकच दर.

पावती पुस्तक
हडर्सफील्डला त्या वर्षी टीव्हीचे किती कोटी पौंड मिळाले तेही लिहा ना. टीव्हीच्या पैशावर तिकीट स्वस्त करता येतं. आपली मॅच कोण दाखवतंय? आणि तुम्हीच लिहिलं, "जे दरवर्षी पास काढत होते" त्यांना. भिंतीवरच्यांना नाही.

मुलीची आई
मधे बोलते. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, डावा पाय चांगला चालतो, मोठ्या मुलांचा खेळ बघायला हट्टानं येते. पास तीनशे असो की साडेसातशे, मैदानावर बाईमाणसासाठी संडास नाही. जो आहे त्याला दार नाही. दोन तासांची मॅच, मुलगी सकाळपासून पाणी पीत नाही. या पैशातून ते दार बसणार आहे का, एवढंच विचारायचं होतं.

लाल माती
सगळ्यांना रामराम. मी लातूरकडचा, फुटबॉल पोरामुळं बघायला लागलो. मला एक कळंना, खेळ बघायला पास ही भानगडच कामून? आमच्याकडं जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडाला तिकीट असतंय का? गाव वर्गणी काढतंय, ज्याची जशी ऐपत. नारळावरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत पाच-सहा हजार माणूस मातीवर बसून बघतंय. चीतपट केलं की पैलवान पटका धरून फडाभोवती फिरतोय, म्हातारं माणूस बंडीच्या खिशातून दहाची नोट काढून टाकतंय. ज्यानं दहा टाकले आणि ज्यानं पाचशे टाकले ते एकाच मातीवर बसलेले असतेत. ह्याच मातीतून हरिश्चंद्र बिराजदार उठले, काका पवार उठले. त्यांच्या फडाला कुणी पास काढला होता का?

धोबीपछाड
लाल माती, तुमचं मन चांगलं आहे, पण पटक्याचं कौतुक मला सांगू नका. माझा थोरला भाऊ अकरा वर्षं तालमीत होता. बीड जिल्ह्यातली एक जत्रा सोडली नाही. एकदा गेवराईकडच्या फडात अर्धा तास झुंजून निकाली कुस्ती केली, पटका फिरवला, मोजले तर तीनशे चाळीस रुपये. त्यातले शंभर जीपवाल्याला. खुराक बापानं घातला, एक म्हैस खास त्याच्यासाठी आणि वर महिन्याला बदाम-तूप. गुडघा गेला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या पाच हजारांतला एक माणूस दवाखान्यात आला नाही. ऑपरेशनला दोन एकरांतलं एक एकर गेलं.

म्हणून मी पासच्या बाजूनं आहे. ज्याची जशी ऐपत म्हणजे खेळणाऱ्याला काय मिळेल ते नशिबावर. ठरलेला दर असला की पोराला निदान विम्याची आशा असते.

लाल माती
भावाचं वाईट झालं, त्याला माझा नमस्कार सांगा. पण एका फडात तीनशे चाळीस पडले म्हणून सगळा फड वाईट ठरत नाही. आमच्या निलंगा तालुक्यात शेवटच्या कुस्तीचं इनाम गावानं लाखावर नेलंय, एका माणसाला तिकीट न लावता.

धोबीपछाड
शेवटच्या कुस्तीचं! ती लावायला हरियाणा-पंजाबचा नावाजलेला जोड आणतात, लाख त्याला जातात. मधल्या कुस्त्यांच्या गावातल्या पोरांना काय मिळतं ते लिहा. पाचशे, हजार. आणि तिकीट लावून कुस्त्या होतच नाहीत हे कुणी सांगितलं? कोल्हापूरच्या खासबागेत तिकीट काढून माणूस बसलेला आहे. राहुल आवारे आमच्या पाटोद्याचा, २०१८ ला कॉमनवेल्थचं सुवर्ण आणलं, पण त्यासाठी त्याला जिल्हा सोडून पुण्याला जावं लागलं. पटक्यावर इथं राहून झालं नसतं.

लाल माती
पुण्याला त्याला घडवलं कुणी? काका पवारांनी. ते कुठले? लातूरचे. बोलताना जरा बघून बोला, बप्पा. माती आमची आणि हिशेब तुम्ही शिकवायलात?

मुलीची आई
माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

जुना हाफबॅक
वय ७३. कुस्तीत पडत नाही. पण फुटबॉल आपल्याकडं उपरा आहे असं जे दोघा-तिघांच्या बोलण्यात येतं ते खोडतो. आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. १९५० ते ५४ सलग पाच वर्षं फुटबॉलचा रोव्हर्स कप मुंबईत जाऊन हैदराबाद सिटी पोलिसांनी जिंकला, तेव्हा ते आपल्याच राज्याचे होते. कोच सय्यद अब्दुल रहीमसाहेबांनी घडवलेला संघ. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला तेव्हा कोच तेच, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेला. माझे वडील रेल्वेत होते. सिकंदराबादहून आलेले गार्ड त्या पोलिसांच्या मॅचेसचं वर्णन स्टेशनवर पाण्याच्या टाकीखाली बसून करायचे आणि आम्ही पोरं तोंड उघडं ठेवून ऐकायचो. पहिला बॉल त्यांच्यातल्याच एकानं दिला. शिवण उसवलेला होता, मोच्याकडून दोनदा शिवून आणला.

पासबद्दल म्हणाल तर मी काढतो. पेन्शन आहे म्हणून. नसती तर भिंतीवर बसलो असतो आणि तेवढंच ओरडलो असतो.

पावती पुस्तक
आजोबांचा मान ठेवून सांगतो, विषय जत्रेत आणि संस्थानात गेला. मूळ मुद्दा असा की मागच्या वर्षी ४१ पास खपले आणि फायनलला माणूस दीड हजार. उरलेले सगळे निष्ठावान, सगळे जुने, सगळे मैदानाशी नातं सांगणारे. गोल झाला की उड्या मारायला पुढं, पावती पुस्तक काढलं की फोन कानाला. सहा महिने दारोदार मी फिरतो. बायको विचारते, तुम्हाला यात काय मिळतं. मला तिला उत्तर देता येत नाही.

फक्कीवाला
मग ते दीड हजार कशाला आले ते विचारलं का कधी? खेळ बघायला आले आणि पाऊण तास सत्कार बघितला. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, मान्यवरांचं मनोगत, मग फोटो. पोरं वॉर्मअप करून थंड पडली, पुन्हा वॉर्मअप केला. सोफे पुढं, पास काढलेली माणसं सोफ्यांच्या मागं, त्यांना निम्मं मैदान दिसेना. त्या सोफ्यांवर बसलेल्यांपैकी कुणाकडं पास होता? सव्वीस नारळ आणि सव्वीस शाली कुठल्या पैशातून आल्या? हे विचारलं की आम्ही फुकटे.

आणि बाहेरून आणलेले तीन खेळाडू. त्यांचं मानधन, लॉज, जेवण. आपली पोरं बेंचवर. मला गावातल्या पोरांची हार बघायला आवडेल, भाड्यानं आणलेला विजय नको.

धोबीपछाड
सत्काराचं शंभर टक्के बरोबर. बाहेरच्या खेळाडूंचं पटलं नाही. चांगल्याशी खेळल्याशिवाय आपलं पोरगं सुधारत नाही, तालमीत पण बाहेरचा जोड मुद्दाम बोलावतात.

रात्रीचा प्रेक्षक
पास वाढवला म्हणजे क्लब वाचला असंही नसतं. बरी नावाचा इंग्लंडमधला क्लब, १८८५ सालचा. लोकांनी २०१९ चे पास काढलेले होते, क्लबचं कर्ज कसं फेडणार हे मालकाला दाखवता आलं नाही म्हणून ऑगस्टमध्ये लीगमधून काढून टाकला. पासवाले पास हातात धरून गेटबाहेर राहिले. पावती पुस्तकवाल्यांना विनंती, हिशेब न दाखवता पैसे मागू नका.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर म्हणाल एकाच बाजूचं बोलतो. बर्लिनच्या युनियन क्लबचं स्टेडियम मोडकळीला आलं होतं. २००८-०९ मध्ये दोन हजारांवर चाहत्यांनी स्वतः राबून ते उभं केलं, एक लाख चाळीस हजार तास. त्याआधी २००४ मध्ये क्लबला पैसा नव्हता तर लोकांनी रक्त देऊन त्याचे मिळालेले पैसे क्लबला दिले. म्हणजे श्रम मोजले जातात, पण युनियनच्या माणसानं श्रम पण दिले आणि पैसा पण. फक्कीवाले दादा, हे तुम्हालाही लागू आहे.

फक्कीवाला
लागू आहे, मान्य. सतरा वर्षांत तीन पास हे कमी झालं, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण युनियनमध्ये तास मोजले, तुम्ही स्वतःच आकडा सांगितला. आमचे तास कुणी मोजले? मला पैसे नकोत, सूट पण नको. क्लबच्या वहीत एक पान करा, सराटे कुणी काढले, जाळी कुणी विणली, फक्की कुणी मारली. त्या पानावर ज्याचं नाव आहे त्याला फुकट्या म्हणणाऱ्यानं आधी ते पान वाचावं.

आणि तीनशेचं साडेसातशे एका वर्षात नाही. पाचशे करा, सोयाबीन विकल्यावर देतो. शाली बंद करा.

पावती पुस्तक
शालींचं ठरवणारा मी एकटा नाही. अध्यक्षांपुढं मांडतो, पुढचं माझ्या हातात नाही. पाचशे परवडत नाही, सहाशे आणि दोन हप्ते, याच्या खाली मी उतरणार नाही. वही रविवारी चार वाजता मैदानावर ठेवतो, पान न पान बघा. फुकटे हा शब्द मी लिहिलेला नव्हता, पण मनात माझ्याही होता. तुमच्यासाठी तो मागं घेतो. फोन कानाला लावणाऱ्यांसाठी नाही घेत.

लाल माती
रविवारी मी पण येतो. आणि धोबीपछाड, तुम्ही पण या. मधल्या कुस्त्यांच्या इनामाचं तुम्ही म्हणालात ते आमच्या गावात विचारलं. सातशे रुपये हाय. बरोबर होतं तुमचं. पण तिकीट लावलं की म्हातारं माणूस बाहेर राहील, ह्यावर मी ठाम हाय.

धोबीपछाड
येतो. भावाला घेऊन येतो. त्याला जमिनीवर बसता येत नाही, खुर्ची लागेल.

फक्कीवाला
खुर्ची मी आणतो.

मुलीची आई
मी आज साडेसातशे भरले, सहाशे होणार आहेत हे कळायच्या आधी. पावती नंबर ९. फरक परत नको, त्याची कडी आणि बिजागरी आणा. सुतार माझ्या ओळखीचा आहे, मजुरी घेणार नाही म्हणतो. दार बसलं की सांगा, तोवर मुलीला घरीच ठेवते.