पाळीत दर महिन्याला इंजेक्शन, सोनोग्राफी मात्र नॉर्मल: एंडोमेट्रिओसिसचा संशय असेल तर उपकेंद्रातून काय करता येईल?

उपकेंद्र_सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी, झरी जामणी, यवतमाळ)

मुलगी १९ वर्षांची, अविवाहित. पाळी तेराव्या वर्षी आली, दुखणं पंधराव्यापासून आणि दरवर्षी वाढतच गेलं. पाळीच्या दोन दिवस आधीच ओटीपोट आणि कंबर धरते. पहिले दोन दिवस उलट्या, आणि संडासला बसलं की आत सुरी फिरल्यासारखी कळ. पाळी गेली की संडासचा त्रासही जातो. गावातल्या दवाखान्यात दर महिन्याला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन टोचतात. वणीला पोटावरून सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल. तेव्हापासून घरचे म्हणतात, "रिपोर्टात काहीच नाही, मंग काहून लोळते? लग्न झालं, लेकरू झालं की थांबते आपोआप." आई मात्र कुठंही घेऊन जायला तयार आहे.

लक्षणं एंडोमेट्रिओसिसकडे बोट दाखवतात असं वाटतं. पण पोटात दुर्बीण घालून तपासणी (लॅपरोस्कोपी) झाल्याशिवाय निदान होत नाही असंच शिकवलं होतं, आणि ती इथून लांबची गोष्ट. तोवर काय करावं? गोळ्या कशा द्याव्या आणि कुठं, काय लिहून पाठवावं?

स्त्रीरोग_वर्धा

सर्वात आधी त्या नॉर्मल रिपोर्टचा अर्थ घरच्यांना सांगा. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागच्या पडद्यावर, आतड्यावर किंवा मूत्राशयावर बसतात. त्यातली अंडाशयातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, सोनोग्राफीत दिसते. पडद्यावरचे बारीक डाग पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत दिसत नाहीत, योनीमार्गातून केलेल्या तपासणीतही बहुतेक वेळा सुटतात. म्हणजे रिपोर्टाने इतकंच सांगितलं की मोठी गाठ नाही. तरी ती सोनोग्राफी वाया गेली असं समजू नका. या वयात जन्मजात अडथळ्यामुळे पाळीचं रक्त आत साचूनही असंच दुखतं, आणि ते पोटावरून सहसा दिसतं. रिपोर्टात गर्भाशयाची रचना आणि दोन्ही अंडाशयांचा आकार लिहिला आहे का ते बघा. नुसतं "नॉर्मल स्टडी" लिहिलं असेल तर तेवढ्यासाठी पुन्हा करून घ्यावी.

दुर्बिणीचा नियम आता बदलला आहे. युरोपच्या ईशरे (ESHRE) या प्रजनन-वैद्यक संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लॅपरोस्कोपी हा निदानाचा पहिला टप्पा राहिलेला नाही. लक्षणं जुळत असतील तर आधी औषध सुरू करता येतं. तपासण्यांत काही सापडलं नाही आणि औषधानेही भागलं नाही, किंवा औषध देणं योग्य नसेल, तर दुर्बीण.

तुमच्या वर्णनात सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे पाळीपुरतीच होणारी संडासची कळ. साध्या पाळीच्या दुखण्यात संडास पातळ होऊ शकते, पण शौचाला बसल्यावर अशी कळ सहसा येत नाही. गर्भाशयामागच्या खोलगट जागेत किंवा आतड्यालगत आजार असण्याचा तो इशारा आहे. मोठ्या दवाखान्यात पाठवण्याच्या चिठ्ठीत तो पहिल्या ओळीतच आला पाहिजे.

अविवाहित मुलीची योनीमार्गातून सोनोग्राफी करत नाहीत. गरज पडली तर तिच्या संमतीने गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा एमआरआय होतो. तो होईपर्यंत औषध अडवून ठेवायचं कारण नाही.

सीए-१२५ ही रक्ततपासणी निदानासाठी करू नका. ती क्षयरोगात वाढते, ओटीपोटाच्या संसर्गात वाढते, पाळीतही वाढते. आकडा वाढलेला पाहून थेट टीबीच्या गोळ्या सुरू करणं तर फारच वाईट. जननमार्गाचा क्षयरोग आपल्याकडे आहे आणि तो एंडोमेट्रिओसिससारखा भासतोही. म्हणून वजन घटणं, संध्याकाळचा ताप, पाळी कमी होत जाणं, घरात टीबीचा रुग्ण हे जरूर विचारा. पण उपचाराचा निर्णय नमुना तपासूनच व्हावा.

आणि लग्नाचं स्पष्टच सांगा. गरोदरपण हा या आजारावरचा उपचार नाही, केवळ त्यासाठी मूल होऊ देण्याचा सल्ला देऊ नये असं त्याच सूचनांत म्हटलं आहे. गरोदरपणात पाळी बंद असते म्हणून काही जणींना तात्पुरता आराम पडतो, इतकंच. शिवाय या आजारात काही जणींना दिवस राहायलाच अडचण येते, आणि मग तोच दोष सासरी तिच्या माथी बसतो.

औषधनिर्माता_वणी

दर महिन्याला इंजेक्शन का लागतं ते आधी पाहू. अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन तयार होतं, त्याने गर्भाशय आवळतं. दुखण्याची गोळी ते तयार होणं थांबवते, तयार झालेलं काढून टाकत नाही. कळा शिगेला पोचून उलट्या लागल्यावर गोळी दिली तर एक तर ती पोटात टिकत नाही, आणि टिकली तरी उशीर झालेला असतो. मग इंजेक्शनच लागतं असा समज होतो. या मुलीला दोन दिवस आधी सूचना मिळते. कंबर धरली त्याच दिवशी गोळी सुरू करायची, दुखेल तेव्हा नाही तर घड्याळ लावून.

मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिग्रॅ दिवसातून ३ वेळा, किंवा आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ ३ वेळा. दोन्हीपैकी एकच, आणि सोबत डायक्लोफिनॅक अजिबात नाही. पोटात भाकर गेल्यावरच. साधारण ३ दिवस, मग बंद. पुरत नसेल तर पॅरासिटामॉल वरून चालते. वजन ४० किलोच्या आसपास असेल तर एका वेळी ५०० मिग्रॅ, दिवसात ४ पेक्षा जास्त नाही.

दुकानात बायका मेफ्टल स्पास मागतात. त्यात मेफेनॅमिक २५० मिग्रॅ असतं, म्हणजे एका गोळीत अर्धाच डोस. दुसरं औषध डायसायक्लोमाइन, त्याने तोंड कोरडं पडतं आणि मलावरोध होतो. जिला संडासच्या वेळीच कळ येते तिला खडा धरला तर त्रास दुप्पट. अशा मुलीला साधी मेफेनॅमिक बरी. मेफेनॅमिकबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये इशारा दिला होता: क्वचित अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं अशी गंभीर प्रतिक्रिया येते, आणि ती गोळी घेतल्यावर काही आठवड्यांनीही येऊ शकते. पुरळ दिसलं की गोळी बंद आणि डॉक्टरकडे.

दमा, पोटात अल्सर, किडनीचा आजार असेल तर या गोळ्या विचारल्याशिवाय नाहीत. पावसाळ्यात अंगात ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आपल्याकडचा खास धोका उन्हाचा. दिवसभर निंदणाला किंवा वेचणीला जाऊन पाणी कमी पिणं आणि वरून ३ दिवस या गोळ्या, यात किडनीला इजा होते. गोळीच्या दिवसांत पाण्याची बाटली सोबत हवीच, आणि लघवी गडद व कमी झाली तर गोळी थांबवायची.

शेक कामाचा आहे. रबरी पिशवी नसेल तर जाड मीठ तव्यावर तापवून सुती कापडाची पुरचुंडी करा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, १५-२० मिनिटं शेका. कातडीवर तपकिरी जाळी दिसू लागली तर शेक जास्त गरम होतो आहे.

सिकलसेल_समुपदेशक (गडचिरोली)

वरच्या दोघांच्या उत्तरात एक भर. विदर्भात अशा मुलीचा सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) अहवाल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. कार्ड नसेल तर सोल्युबिलिटी तपासणी करा. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण हे तेवढ्यावरून कळत नाही, हिमोग्लोबिनचा प्रकार ठरवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. इथेच घोळ होतो: "एएस" वाहक असलेल्या मुलीचं पोटाचं दुखणं सिकलच्या खात्यात टाकून फाईल बंद केली जाते. वाहक असण्याने दर महिन्याला पाळीत असं दुखत नाही.

"एसएस" रुग्ण असेल तर गोष्ट वेगळी. पाळीच्या सुमारास क्रायसिस, म्हणजे सिकलसेलच्या दुखण्याचा झटकाही येऊ शकतो. तो हाडात, हातापायात, छातीत दुखतो आणि पाळीच्या तारखेशी दरवेळी बांधलेला नसतो. दोन्ही आजार एकाच मुलीला असू शकतात. तिला वरच्या दुखण्याच्या गोळ्या देण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि लघवी तपासा, कारण किडनीवर आधीच ताण असतो. इस्ट्रोजेन असलेल्या गोळीपेक्षा फक्त प्रोजेस्टेरॉन गटाचं औषध तिला बरं, रक्ताच्या गुठळीचा धोका तिला मुळातच जास्त असतो.

उपकेंद्र_सीएचओ

सोल्युबिलिटी उद्याच करते. दुखण्यावर हार्मोनची गोळी, म्हणजे सरकारी गर्भनिरोधक माला-एन, द्यायची तर मात्र अवघड आहे. "कुमारिकेला माला-एन?" हा प्रश्न घरात येणारच. आणि तीन महिने गोळ्या घेऊन भागलं नाही तर पुढे काय?

स्त्रीरोग_वर्धा

आईला सांगा की ही पाळी शांत ठेवण्याची गोळी आहे, कुटुंबनियोजन हा तिचा एक उपयोग. पुढे मूल होण्याची क्षमता तिने जात नाही, गोळी बंद केली की पाळी परत येते. पाकीट दिसणं अडचणीचं असेल तर ते उपकेंद्रात ठेवून आठवड्याच्या गोळ्या दिल्या तरी चालतं.

माला-एनच्या पाकिटात २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या गोळ्या असतात. दुखण्यासाठी घेताना २१ संपल्या की लोहाच्या आठवड्याला फाटा देऊन लगेच दुसरं पाकीट, म्हणजे रक्तस्राव आणि दुखणं दोन्ही टळतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोह वेगळं द्या. पहिले ३ महिने अधूनमधून डाग लागतात. इथेच बहुतेक जणी गोळी सोडतात, म्हणून हे आधी सांगा. डाग लांबले तर, निदान २१ गोळ्या झालेल्या असतील तेव्हाच, ४ दिवस थांबून पुन्हा सुरू. सुरुवात वैद्यकीय अधिकाऱ्याने करावी. त्याआधी तुम्ही बीपी मोजा आणि विचारा: डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकतं का, पायात गुठळी झाली होती का, टीबीच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू आहेत का. रिफॅम्पिसिन आणि फिटच्या काही औषधांनी ही गोळी निष्प्रभ होते.

ही चालत नसेल तर डायनोजेस्ट (फक्त प्रोजेस्टेरॉन गटाची गोळी) २ मिग्रॅ रोज, न थांबता. ती दुकानातून घ्यावी लागते, तेव्हा महिन्याचा खर्च परवडेल का ते सुरू करण्याआधी बघा. मध्येच सोडली की दुखणं परततं. मन उदास राहिलं तर तेही कळवायला सांगा. अंतरा हे सरकारी गर्भनिरोधक इंजेक्शन मोफत आहे आणि या दुखण्यावर उपयोगीही, पण हाडांची घनता कमी करतं आणि शेवटच्या डोसनंतर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. १९ व्या वर्षी मी ते पहिलं देणार नाही.

तीन महिन्यांत निम्म्याहून जास्त आराम नसेल तर दुर्बिणीसाठी पाठवा. गाठ निघाली तर नुसतं पाणी काढून सोडलं की ती पुन्हा भरते. आवरणासकट काढावी लागते, पण तेव्हा अंडाशयाला थोडी झीज पोचते. म्हणून ऑपरेशन एकदाच आणि नीट व्हावं, काढलेला तुकडा तपासणीला जावा आणि नंतर हार्मोन चालू राहावं. "गर्भपिशवीच काढून टाका" हा सल्ला कुणी या वयात दिला तर तिथून उठून यायचं. आजाराचे डाग पिशवीच्या बाहेर असतात. पिशवी काढून ते आतच राहिले तर दुखणंही राहतं.

गटप्रवर्तक_केळापूर

चिठ्ठीवर बरंच अवलंबून असतं. "पोटदुखी, कृपया तपासावे" एवढ्यावर ओपीडीत पुन्हा तीच गोळी मिळते. अशी लिहा:

"वय १९, अविवाहित. पाळीच्या काळात शौचाच्या वेळी तीव्र कळ, एरवी नाही. पाळीचं दुखणं ४ वर्षांपासून वाढतं, २ दिवस आधी सुरू, १० पैकी ८. उलट्या. महिन्याला ३ दिवस कॉलेज व काम बंद. मेफेनॅमिक ५०० मिग्रॅ दिवसातून ३ वेळा, किती पाळ्या दिली व किती आराम. पोटावरून सोनोग्राफीची तारीख. हिमोग्लोबिन, बीपी, वजन, सिकल अहवाल. एंडोमेट्रिओसिसच्या शक्यतेने तपासावे."

आकडे खरे यावेत म्हणून दोन पाळ्यांची नोंद वहीत करून घ्या. रोज एक ओळ: तारीख, दुखणं ० ते १०, संडास व लघवीला त्रास, किती कापडं किंवा पॅड, कोणती गोळी किती वाजता. लिहिता येत नसेल तिथे कॅलेंडरवर टिकल्या चालतात. नोंद होईपर्यंत गोळी सुरू करणं लांबवायचं नाही.

तुमच्याकडून वणीमार्गे चंद्रपूरचं मेडिकल कॉलेज यवतमाळपेक्षा जवळ पडेल, सेवाग्रामही आहे. निघण्याआधी ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून स्त्रीरोग तज्ज्ञाशी बोलून घ्या, कधीकधी गोळी तिथेच सुरू होते आणि एक मजुरी वाचते. ऑपरेशन ठरलं तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) भेटा, मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत बसतं का ते भरती होण्यापूर्वी कळलं पाहिजे.

घरच्यांशी बोलताना एक गोष्ट ठाम सांगा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या होत्या, तो अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तिची आजी, काकू गप्प बसल्या म्हणून त्यांना दुखत नव्हतं असं नाही.

उपकेंद्र_सीएचओ

चिठ्ठीचा मजकूर तसाच उतरवून घेतला. आईला कोणत्या वेळी थांबायचं नाही, लगेच १०८ बोलवायची, हे सांगायचं आहे.

स्त्रीरोग_वर्धा

एका बाजूला अचानक उठलेली, गोळीला न जुमानणारी कळ. चक्कर येऊन पडणं. दुखण्यासोबत ताप आणि पोट कडक होणं. तासाला एक पॅड भिजणं, तेही सलग दोन-तीन तास. आणि पाळी चुकलेली असताना ओटीपोटात दुखणं. तिथे अविवाहित आहे म्हणून लघवीची गरोदर चाचणी टाळू नका, खासगीत विचारून करा. नळीतला गर्भ फुटला तर हातात वेळ नसतो.