स्टुटगार्टमध्ये चौदा महिने झाले, आणि इथल्या लोकांबद्दल मन कडवट होत चाललंय

गोदाकाठची:
नाशिकहून मास्टर्सला आले. पहिले काही महिने सगळंच आवडायचं, रात्री एकटीनं बिनधास्त चालता येणंसुद्धा. आता उलटं झालंय. वर्गातली जर्मन मुलं लॅबमध्ये छान बोलतात, पण दाराबाहेर पडलं की ओळख संपली. समोरच्या आजी बोलतात त्या फक्त चुकांवर: रविवारी काचेच्या बाटल्या का टाकल्यास, रात्री दहानंतर मिक्सर का लावलास. मागच्या महिन्यात त्यांनी माझ्या दाराला 'केरवॉख'ची पाटी अडकवली. म्हणजे त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी. मी झाडून पुसून घेतला. दुसऱ्या दिवशी बेल वाजवून म्हणाल्या, तळघराचा जिना राहिलाय. खोलीत येऊन रडले.

आमच्या भारतीय मुलांच्या ग्रुपवर लिहिलं, तर धडाधड मेसेज आले, 'हे लोक असेच.' तेव्हा बरं वाटलं. पण आता कुणाला भेटायच्या आधीच मी त्याच्याबद्दल ठरवून टाकते, आणि त्याची मला भीती वाटते. तुमचं मत कसं बनलं?

नेकारकाठ:
स्टुटगार्टजवळच्या एसलिंगनमध्ये अकरा वर्षं आहे. केरवॉख ही मुख्यतः या श्वाबन भागाची रीत. हॅम्बुर्गहून आलेला माझा सहकारीही ती पाटी बघून चिडला होता. तेव्हा आजी तुला परकी म्हणून बोलतात असं नको धरूस, पाटी सगळ्यांच्याच दाराला लागते.

मलाही पहिली दोन वर्षं सगळे माणूसघाणे वाटायचे. मग टेबल टेनिसच्या फेराइनमध्ये, म्हणजे इथल्या मंडळात, नाव घातलं. चार महिने कुणी फारसं विचारलं नाही. मी मात्र दर गुरुवारी टेबलं उचलून ठेवायला थांबायचो. एकाने जेवायला बोलावलं, तेही डायरी बघून पाच आठवड्यांनंतर. ती तारीख मला अपमान वाटली. गेलो तर मी मांस खात नाही म्हणून त्याने पालकाचे माउलटाशन, म्हणजे इथल्या सारण भरलेल्या उकडीच्या घड्या, हाताने केले होते. तारीख लिहून ठेवणं म्हणजे ती संध्याकाळ माझ्यासाठी राखणं, हे त्या ताटावर कळलं.

कट्टेकरी:
ताई, सगळं समजून घ्यायचा मक्ता आपणच का घ्यायचा? मी खोलीसाठी साठ अर्ज केले, बहुतेकांना उत्तरच नाही. जर्मन मित्राने तोच मजकूर स्वतःच्या नावाने पाठवला, त्याला दोन दिवसांत बोलावणं आलं. याला रीत म्हणत नाहीत. तो राग खरा आहे, तो ठेव. फक्त तो आजींच्या खात्यात घालू नकोस.

अभ्यासू_मावशी:
१९५५ साली लिसगार या संशोधकाने फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून परतलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांवर लेख लिहिला. सहा ते अठरा महिने राहिलेल्यांना सर्वांत जड गेलं होतं. चौदावा महिना त्यातच येतो. मात्र त्यांनी तीच माणसं महिनोन्‌महिने पाहिली नव्हती. पुढे तसं पाहणाऱ्यांना काही विद्यार्थ्यांत सुरुवातच सर्वांत कठीण दिसली. म्हणून अठरावा महिना उजाडेल आणि आपोआप गोड होईल, असं धरून बसू नकोस.

कोथरूडच्या_काकू:
मी पलीकडच्या बाजूची. आमच्याकडे सुदानचा मुलगा दोन वर्षं भाड्याने होता. मी त्याच्याशी तीनच वाक्यं बोलायचे: मोटर बंद कर, चपला बाहेर काढ, गेट लाव. मनात काही वाईट नव्हतं. इंग्रजी बोलायची लाज वाटायची, आणि ही वाक्यं पाठ होती. जाताना त्याने माझा फोटो मागितला. म्हणाला, आई फोनवर नेहमी तुमच्याबद्दल विचारते. दोन वर्षं तो तिला काय सांगत आला असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. बाळा, तुझ्या आजींना किती इंग्रजी येतं?

गोदाकाठची:
काकू, अजिबात नाही. आणि माझं जर्मन कामापुरतं, त्यांच्या श्वाबन बोलीतलं निम्मं डोक्यावरून जातं. 'तळघराचा जिना राहिलाय' एवढं कळलं, पुढे त्या अजून दोन-तीन वाक्यं बोलल्या होत्या. ती मी ऐकलीच नाहीत.

कट्टेकरी, खोलीचा अनुभव माझाही तसाच आहे, तो विसरणार नाही.

शनिवारी पुन्हा माझी पाळी आहे. तळघरापासून सुरू करते आणि त्यांची बेल मी वाजवते. 'त्या दिवशी पुढे काय म्हणालात?' हे श्वाबनमध्ये कसं विचारायचं, नेकारकाठ?